‘उपसा’ : एका पटाच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

कामवाटपाचा कागद हाती आला. दुसऱ्या सत्रात प्रथम वर्षाचा मूल्यशिक्षणाचा पेपर माझ्या नावावर. दोन श्रेयांक, तीस तास, बासष्ट पोरं. अर्थशास्त्राच्या बाईकडे हा पेपर का, तर तिचा कार्यभार दोन तासांनी कमी भरत होता. चालायचंच.

गेल्या वर्षी एका बदली तासाला मी ट्रॉलीचा प्रश्न घेतला होता. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये मांडलेला. ब्रेक निकामी झालेली गाडी, पुढे रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक. गाडी तिकडे वळवायची का? जगभरच्या वर्गांत यावर तास रंगतो म्हणतात. लातूरच्या पोरांना ट्रॉली एकच माहीत, उसाची. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, सिंगल होती का डबल?” मग, “मागं रिफ्लेक्टर होता का?” मग, “ड्रायव्हरला पैसे खेपंवर का टनावर?” मी हसण्यावारी नेलं आणि फळ्याकडे वळले. तास वाया गेला असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, वाया मी घालवला. गाडी सुटायच्या आधी कोणी काय ठरवलं होतं, एवढंच तर ती विचारत होती.

यंदा प्रश्न फळ्यावर मांडायचा नाही. पोरांच्या हातात काहीतरी द्यायचं, जे सोडताना जिवावर येईल. पट आणि सोंगट्या. प्राचार्यांनी हो म्हटलं. निधी नाही, हेही त्याच वाक्यात म्हटलं.

२० जुलै, शनिवार

सुरुवात घरच्यापासून. मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, सगळ्यात वर मोक्ष. कार्डशीटवर आखला आणि वसतिगृहातल्या सहा जणांना बसवलं. घरांत आजची नावं घातली: कॉपी, हुंडा, रक्तदान, रांगेत घुसणं.

वीस मिनिटांत कंटाळले. चूक पटाची नाही, माझी. या खेळात ठरवायचं काहीच नसतं. फासा म्हणेल तिथं जायचं. ‘हुंडा’वर आलेला मुलगा म्हणाला, “मी कुठं घेतला? तीन पडले.” कर्माचा हिशोब समजावायला पट चांगला आहे, पण मला पेच हवाय, आणि पेच पडायला आधी हातात निवड हवी.

३ ऑगस्ट, शनिवार

माळ्यावरून जुना ‘व्यापार’ काढला, म्हणजे आपल्याकडचा ‘मोनोपॉली’. नोटा अजून बऱ्या आहेत, त्या वापरता येतील.

या खेळाच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी ही अमेरिकन बाई आहे. तिनं १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमीन अडवून भाडं खाणारा कसा गबर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळून कळावं असा तिचा हेतू. नंतर तिनं नियमांचे दोन संच ठेवले. एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात संपत्ती सगळ्यांत वाटली जाते. लोकांनी पहिला तेवढा उचलला. १९३५ मध्ये ‘मोनोपॉली’ बाजारात आला तो दुसऱ्याला दिवाळखोर करण्याची मजा घेऊनच. आम्ही भावंडंही मुंबई विकत घेऊन एकमेकांना रडवायचो. भाडेवसुली वाईट असते असं त्या दुपारी कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

हे लक्षात ठेवायचं. खेळ करणाऱ्याचा हेतू खेळणाऱ्याला बांधत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

विषय ठरला, पाणी. लातुरात राहून दुसरा विषय शोधणं म्हणजे काखेत कळसा. ही पोरं २०१६ मध्ये नऊ-दहा वर्षांची होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. वर्गात सहज विचारलं तर निम्म्यांना ती रेल्वे बघितल्याचं आठवतं. एकीला फक्त हंड्यावर ऑइलपेंटनं घातलेला नंबर आठवतो. सत्तेचाळीस.

सामान: पटासाठी जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ, तीन बाय तीन फूट (फ्लेक्सवाल्यानं फुकट दिली, पुढच्या बाजूला कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत). आईनं शिवलेली खादीची पिशवी. आणि पाणी म्हणून चिंचोके. प्लास्टिकच्या निळ्या गोट्या आणणार होते, पण चिंचोक्यांचा हातात जो गुळगुळीत थंडपणा लागतो तो त्यांना नाही.

नियम, पहिला खर्डा. एका पटावर पाच घरं: बागायतदार, एक बोअरवाला मध्यम शेतकरी, कोरडवाहू, भूमिहीन मजूर, टँकरवाला. पिशवीत साठ चिंचोके, ते जमिनीखालचं पाणी. बाहेरून दिसत नाही. वर्षाला तीन पाळ्या: खरीप, रब्बी, उन्हाळा. ऊस घेतला तर प्रत्येक पाळीला तीन चिंचोके उपसायचे. सोयाबीन पावसावर, हरभऱ्याला एक. उन्हाळ्यात प्रत्येक घरापुढे एक चिंचोका ‘हंडा’ म्हणून असलाच पाहिजे. नसेल तर विकत घ्या, मागा नाहीतर गाव सोडून ऊसतोडीला जा. पावसाचं पान निघेल त्याप्रमाणे पिशवीत भर. तीन वर्षं खेळायचं. नाव ‘उपसा’.

२४ ऑगस्ट, शनिवार

पहिली चाचणी, तीच सहा पोरं. माझ्यातली मास्तरीण आडवी आली. मी ‘पुण्य’ नावाची कुपनं ठेवली होती: दुसऱ्याला पाणी दिलं की एक कुपन, शेवटी कुपनांचे गुण.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सगळे एकाएकी कर्ण झाले. बागायतदारानं अडीच वर्षं ऊस पिकवला आणि शेवटच्या पाळीत सहा हंडे वाटून पहिला आला. वर मला म्हणतो, “मॅडम, इलेक्शनच्या आधी असंच असतंय की.”

कुपनं फाडून टाकली. भूगोलाचे सर बघत होते. त्यांचं मत, गुण नसतील तर मुलं चांगलं कशाला वागतील? मी म्हटलं, नकोच वागायला. आधी काय करतात ते तर दिसू दे. सरांना पटलं नाही. त्यांची शंका चुकीची आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

रविवार-सोमवार मराठवाड्यात अतिवृष्टी. बाहेरगावची पोरं आलीच नाहीत. दुष्काळाचा खेळ तयार करत्येय आणि पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी.

२१ सप्टेंबर, शनिवार

दुसरी चाचणी. या वेळी कायद्याचं पान घातलं: २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला मनाई. वाचून दाखवल्यावर सगळा पट खदखदून हसला. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. औशाकडची मुलगी म्हणाली, “आमच्याकडं दोनशे फुटावर नुसता फुफाटा निघतो.” मग कोणाचा बोअर किती, याची चढाओढ लागली. सहाशे, आठशे. एकाच्या काकानं पाणाड्या बोलावला होता, त्याच्या तळहातावरचा नारळ ताडकन उभा राहिला, आणि बोअर कोरडा गेला. पाणाड्याचं पानही घालायचं ठरलं. ते पोरांनीच लिहिलं: ‘नोटा द्या. फासा टाका. काहीही पडलं तरी नोटा परत नाहीत.’

पण मला खरं अडवलं ते दुसऱ्या एकानं. मध्यम शेतकऱ्याच्या जागी बसला होता. दर वर्षी ऊस. मी विचारलं, पिशवी हलकी होतेय, दिसत नाही का? तो म्हणाला, “दिसतंय की. पण तुमच्या खेळात सोयाबीनचा भाव फाशावर आहे आणि उसाचा पक्का. मग मी सोयाबीन कशाला लावू?” बरोबर बोलला. यंदा उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान दर, टनाला ३४०० रुपये जाहीर झालेली आहे. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि आडतीत सध्या त्याच्या बऱ्याच खाली चाललंय. मी ऊस म्हणजे हाव असं गृहीत धरून पट आखला होता. त्याच्यापुढे हावेचा प्रश्नच नव्हता. घरात बहिणीचं लग्न असलं की पक्क्या भावाकडे माणूस वळतोच.

नियम बदलला नाही. फाशावरचा भाव तसाच ठेवला. फक्त प्रत्येक घराला एक ‘देणं’ पान दिलं: दवाखाना, लग्न, पीककर्जाचा हप्ता. आता दोन्हीकडून काहीतरी जातं.

५ ऑक्टोबर, शनिवार

तिसरी चाचणी. भूमिहीनाच्या जागी बसलेली मुलगी पाऊण तास गप्प. तिच्याकडे शेत नाही, बोअर नाही. दुसऱ्यानं बोलावलं तर मजुरी, नाहीतर ‘पुढे’. मोबाइल काढला तिनं, आणि मला ओरडताही येईना. खेळ म्हणून हा ढळढळीत दोष आहे, कोणत्याही खेळाडूला असं बसवून ठेवत नाहीत. “बरोबरच केलंय मॅडम,” ती म्हणाली, “असंच असतंय. पण मी परत खेळणार नाही.”

रात्री पुरंदरच्या पाणी पंचायतीबद्दलचं टिपण काढलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-कारखानदारानं नायगावपासून हे काम उभं केलं. त्यांचा नियम मला विद्यार्थी असताना नुसता पाठ होता: पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा.

हा शेवटचा भाग आज पहिल्यांदा नीट कळला. शेत नसलेल्याला पाणी कशाला, असं कोणीही विचारेल. हातात वाटा असला की त्याच्याशी बोलावं लागतं, म्हणून.

पटात घातलं, पण सक्तीनं नाही. वर्षाच्या सुरुवातीला पाचही घरांनी मत द्यायचं: पाणी बोअरप्रमाणे की माणसांप्रमाणे. तीन मतं पडली तर नियम लागू. मजुराचं मत बागायतदाराइतकंच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कालपर्यंत मतदान केंद्रावर. पाय सुजलेत. पटाचं काम शून्य.

७ डिसेंबर, शनिवार

एका जुन्या मैत्रिणीनं आंध्र प्रदेशातल्या कामाची माहिती पाठवली. तिथं संशोधकांनी गावकऱ्यांनाच भूजलाचा खेळ खेळायला बसवलं होतं. पाच-पाच जण, कमी पाण्याचं पीक की जास्त पाण्याचं, एवढीच निवड. काही फेऱ्या न बोलता, काही बोलून. यामागचा वाद जुना आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये सामाईक कुरणाचा नाश अटळ असल्यासारखा मांडला आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम ही राज्यशास्त्रज्ञ हयातभर सांगत राहिली की लोक एकत्र बसून नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला पकडतातही. २००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवर तिचं नाव आलं. माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात ही दोन नावं परीक्षेपुरती येतात.

त्यावरून सुचलेली भर: पहिलं वर्ष तोंड बंद ठेवून खेळायचं, मग बोलायची मुभा. आणि दुसरी गोष्ट, निरीक्षण विहीर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. पटावर तसा एक सरपंच, दर वर्षी मतानं निवडलेला. रब्बीनंतर पिशवीत डोकावायचा अधिकार त्याला एकट्याला. डोकावून तो गावाला आकडा सांगेल.

खरंच सांगेल असं मी लिहिलं नाही. लिहायचं राहून गेलं होतं, मुद्दाम नव्हे.

११ जानेवारी २०२५, शनिवार

खऱ्या वर्गाची पहिली तुकडी. एकतीस जण, सहा पट. एक जास्तीचा, त्याला पावसाची पानं दिली. तो दिवसभर ‘वरुणराजा’ म्हणून मिरवला.

चार पटांवर विशेष काही नाही. एका पटानं पहिल्याच वर्षी माणशी पाण्याचा नियम केला आणि तिन्ही वर्षं आरामात काढली. कंटाळवाणं खेळले, सुखी राहिले.

खिडकीजवळच्या पटावर मात्र जे झालं ते जसं आठवतं तसं लिहून ठेवते. दुसऱ्या वर्षाची रब्बी संपली. सरपंच कोरडवाहू शेतकरी, एनसीसीतला, सरळ पोरगा. पिशवीत डोकावला. बोटांनी चाळवल्याचा खुळखुळ आवाज आला, तो नेहमीपेक्षा पातळ होता, पण बाकीचे नोटा मोजत होते. त्यानं पिशवीची नाडी ओढली, दोनदा गाठ मारली आणि म्हणाला, “वीस आहेत.”

होते नऊ. मी त्याच्या मागेच उभी होते.

वीस म्हटल्यावर बागायतदारानं तिसऱ्या वर्षीही ऊस ठेवला, टँकरवाल्यानं नवा टँकर घेतला. वरुणराजानं कोरडं पान काढलं. उन्हाळ्यात मजुराच्या घरची मुलगी हंड्यासाठी पिशवीत हात घालते तर नुसतं कापड. तिनं पिशवीचा कोपरा चिमटीत धरून बाहेर ओढला, खिसा उलटा करावा तसा. “हे कसं काय?”

तो लाल झाला. म्हणाला, “घाबरतील म्हणून सांगितलं नाही. घाबरले की सगळे एकदम उपसतेत.”

त्यावर जो गलका झाला त्यात मला एकदाही ‘नीतिमूल्य’ हा शब्द वापरावा लागला नाही. एकीचं म्हणणं, त्यानं बरोबर केलं, २०१६ मध्ये अफवा उठली की लोक घरात पिंपंच्या पिंपं भरून ठेवत होते. बागायतदार भयंकर चिडला, खरा आकडा कळता तर मी ऊस मोडला असता म्हणाला. “मोडला असतास?” मजुराच्या घरची म्हणाली, “देवाशप्पथ सांग.” त्यानं शपथ घेतली नाही.

तासाची घंटा झाली. कोणी उठलं नाही. पुढचा तास इंग्रजीचा होता, तिथल्या सरांची माफी मागून आले.

२५ जानेवारी, शनिवार

दुसरी तुकडी. आज माझ्याकडून चूक झाली.

घरं चिठ्ठ्या टाकून वाटते. तिसऱ्या पटावर टँकरवाल्याचं पान एका मुलीला आलं. तिनं उन्हाळ्यात हंड्याला वीस लावले. समोरचा म्हणाला, “पाणी विकून खाणारे, चोर साले.” खेळाच्या भरातच म्हणाला. तिनं समोरचे चिंचोके एकेक करून पिशवीत परत टाकले आणि हात मांडीवर ठेवून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “आमचा टँकर आहे मॅडम. खरा.”

आणि मी म्हणाले, “अगं, हा नुसता खेळ आहे.”

सहा महिने जे होऊ नये म्हणून खपले, तेच वाक्य. ती काही बोलली नाही. शेजारणीनं तिच्या हातावर हात ठेवला. मी दुसऱ्या पटाकडे गेले, तिथं काही काम नसताना.

२७ जानेवारी, सोमवार

ती स्टाफरूमच्या दाराशी आली. आत ये म्हटलं तर दारातूनच बोलली. २०१६ ला त्यांच्या बोअरला पाणी होतं. पप्पा गल्लीतल्या हंड्यांचे पैसे घेत नव्हते, टँकरचे घेत होते. “डिझेल कोण देणार होतं? पण लग्नाकार्यात अजून बोलतेत लोकं. तुमच्या पानावर टँकरवाल्याला खर्चच नाही. त्याला नुसता नफा दिलाय तुम्ही.”

खरं आहे. भूमिहीनाचं पान मी पाचदा लिहिलं असेल, टँकरवाल्याचं एकदा. तो माझ्या डोक्यात आधीच ठरलेला होता.

तिला म्हटलं, शनिवारी मी ते वाक्य बोलायला नको होतं. ती “असू द्या” म्हणाली. मग वहीचं पान दिलं फाडून. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, बोअरची मोटार जळाली तर. बाजूला कंसात: ‘रात्री दोनला फोन आला तर जावं लागतं.’

नियमात बदल: टँकरच्या प्रत्येक खेपेला डिझेलची नोट आधी भरायची. चिठ्ठी उघडल्यावर कोणालाही न सांगता घर बदलून घेता येईल. पप्पांचा धंदा कोणाचा काय, हे मी तरी विचारणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा विभागाला अंतर्गत गुणांचा निकष हवाय. पटावर जिंकण्याला गुण नाहीत हे लेखी कळवलं. अर्ध्या पानाचं टिपण लिहून घेणार: तुमचा एक निर्णय, त्यानं कोणाचं काय गेलं, आणि ते तुम्हाला तेव्हा माहीत होतं का. निम्म्या वर्गानं ‘पाणी हेच जीवन’ लिहून आणलं, ते परत केलं. एनसीसीवाल्यानं दोन ओळी दिल्या: ‘नऊ होते. आज असतो तर बारा म्हणालो असतो.’ यावर दहापैकी किती द्यायचे, ते भूगोलाच्या सरांना विचारलं. त्यांनी आठ सांगितले. का, ते सांगता येईना त्यांनाही.

१ मार्च, शनिवार

शेवटची फेरी, दोन्ही तुकड्या मिसळून. टँकरवाल्यांची मुलगी आली. चिठ्ठीत मध्यम शेतकरी निघाला, तो तिनं ठेवला. दुसऱ्या वर्षी पटानं तिला सरपंच केलं. एनसीसीवाला त्याच पटावर होता. त्यानंच तिचं नाव सुचवलं.

रब्बी संपली. तिनं पिशवी ओढून घेतली, नाडी सोडली, पण आत बघितलंच नाही. पटाच्या मधोमध पिशवी उलटी केली. चिंचोके गडगडत वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पसरले, दोन खाली पडले, ते वरुणराजानं बाकाखालून शोधून दिले. “मोजा तुम्हीच,” ती म्हणाली.

बागायतदार माझ्याकडे बघायला लागला. असं चालतं का? सरपंचानं एकट्यानं बघायचं, असा नियम आहे. ‘बघायचा अधिकार त्याला एकट्याला’ असं मी लिहिलंय, दाखवू नये असं लिहिलेलं नाही. मी वही उघडली आणि दोनदा वाचलं. पुढच्या खर्ड्यात ही फट बुजवायची की ठेवायची, हे सुट्टीत बघू. बुजवली तर जानेवारीतला तो खिडकीजवळचा पट पुन्हा घडू शकतो. ठेवली तर पुढच्या वर्षी पहिल्याच पटावर सगळे पिशवी उलटी करतील.

तोपर्यंत त्यांनी मोजायला घेतलेलं होतं. चौदा निघाले. एक किडका होता. तो धरायचा की नाही यावर पाच मिनिटं गेली, मग धरला.